डब्यावर ‘प्रोबायोटिक’, पण दह्यात कोण?

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून घरीच विरजण लावून दही करतात. आता मुलगा कॉलेज रोडवरच्या दुकानातून ‘प्रोबायोटिक’ असं छापलेलं दही आणतो. साध्या दह्यापेक्षा ते बरंच महाग पडतं. जिवाणू तर घरच्या दह्यातही असतातच, मग ह्यात वेगळं काय? ते खास जिवाणू डब्यात खरोखर आहेत हे कसं ओळखतात? सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात का? आणि ह्याच दह्याचं विरजण लावलं तर पुढचं दही प्रोबायोटिक होईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : सूक्ष्मदर्शकाचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर सोपं आहे आणि फसवंही. जिवाणू दिसतात. नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजी शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा. काचपट्टीवर दह्याचा पातळ लेप द्यायचा, तो वाळवायचा, त्यातली चरबी झायलीनने धुऊन काढायची, मिथिलीन ब्लूचा रंग चढवायचा आणि तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून बघायचं. निळ्या गोल ठिपक्यांच्या माळा दिसतात, मधेमधे निळ्या काड्या दिसतात. तुमच्या सासूबाईंच्या विरजणातही हेच दिसेल, दुकानातल्या साध्या दह्यात हेच आणि महागड्या डब्यातही जवळपास हेच. त्या काड्यांपैकी कोणती ‘प्रोबायोटिक’ आहे हे भिंग सांगू शकत नाही, कारण तो गुण आकारात नसतोच.

मग तो असतो कुठे? २००१ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी तज्ज्ञांची बैठक घेतली. तिथे ठरलेली व्याख्या आजही जवळपास तशीच वापरतात : जिवंत असलेले आणि पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यावर खाणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे सूक्ष्मजीव. जिवंत, पुरेसे आणि फायदा सिद्ध झालेले, अशा तीन अटी त्यात आहेत. तिसरी अट सगळ्यांत जड आहे, कारण फायदा सिद्ध होतो तो एका ठरावीक वाणाचा. ‘लॅक्टोबॅसिलस’ ह्या सगळ्या गोतावळ्याचा होत नाही, किंवा त्यातल्या एका जातीचाही होत नाही.

नाशिककराला हे समजावणं सोपं आहे. पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर ते आडनाव विचारतात, मग गाव, मग आजोबा-पणजोबांचं नाव, आणि त्यानंतरच चोपडी उघडून तुमच्या घराण्याचं पान काढतात. नुसतं ‘पाटील’ म्हटलं तर दिवस गेला तरी पान सापडायचं नाही. जिवाणूंचं तसंच आहे. लॅक्टोबॅसिलस हे आडनाव झालं, अ‍ॅसिडोफिलस ही जात झाली, आणि त्यापुढचा क्रमांक किंवा अक्षरं म्हणजे वाण. कागदपत्रं असतात ती ह्या शेवटच्या पायरीवर.

घरच्या दह्याबद्दल एकदा स्पष्ट बोलू, म्हणजे घरात वाद नको. त्यात जिवाणू असतात आणि भरपूर असतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, निरनिराळे लॅक्टोबॅसिलस, कधी थोडं यीस्ट. कोण किती हे घरावर, दुधावर आणि ऋतूवर ठरतं. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा नाशकातही रात्रभर ठेवलेलं दही अदमुरं राहतं. त्यातून जे लागतं ते पंचवीस-तीस अंशांवर सुखाने वाढणाऱ्या लॅक्टोकॉकसच्या जोरावर. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांना खूश असणारे थर्मोफिलस पुढे सरसावतात आणि दही दुपारपर्यंत आंबट होतं. भारतीय दह्या-ताकातून काही जिवाणू तर नवे म्हणूनच सापडले आहेत. २००५ साली इथल्या दुग्धपदार्थांतून मिळालेल्या एका उपजातीला लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी इंडिकस असं नावच दिलं गेलं.

पण तुमच्या विरजणातला नेमका वाण कुणी वेगळा काढलेला नाही, त्याला क्रमांक दिलेला नाही, तो माणसांना देऊन परिणाम मोजलेला नाही. म्हणून व्याख्येप्रमाणे त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. घरचं दही निरुपयोगी आहे असं ह्यातून निघत नाही. दूध पचत नाही अशा माणसाला दही पचतं, कारण दह्यातले जिवंत जिवाणू दुधातली साखर फोडणारं विकर सोबत घेऊन येतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१० साली नेहमीच्या योगर्टच्या दोन जिवाणूंबद्दल हा दावा मान्य केला, अट एकच : एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. त्याच संस्थेने त्या काळात कंपन्यांचे कितीतरी मोठे मोठे प्रोबायोटिक दावे पुरावा अपुरा म्हणून परत पाठवले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता डब्याकडे येऊ. पहिली तपासणी संख्येची. दहा ग्रॅम दही नव्वद मिलिलिटर निर्जंतुक पेप्टोनच्या पाण्यात कालवायचं. त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीतल्या नऊ मिलिलिटरमध्ये, त्यातलं एक त्याच्या पुढच्या, असं दरवेळी दहापट पातळ करत जायचं. दहा लाखपट पातळ झालेल्या नळीतलं एक मिलिलिटर पेट्री डिशमध्ये घेऊन त्यावर कोमट, पातळ असलेलं एमआरएस आगर ओतायचं. दे मान, रोगोसा आणि शार्प ह्या तिघांनी १९६० साली बांधलेलं हे खाद्य आहे. त्यात पेप्टोन, मांसाचा आणि यीस्टचा अर्क, ग्लुकोज आणि ह्या जिवाणूंना लागणारं मँगेनीज असतं. सोबत असलेलं अ‍ॅसिटेट बाकीच्या आगंतुकांना दाबून ठेवतं. डिश प्राणवायू काढून टाकलेल्या बरणीत, सदतीस अंशांवर, तीन दिवस. मग वसाहती मोजायच्या. समजा ८४ मोजल्या, तर एका ग्रॅममध्ये ८ कोटी ४० लाख झाले.

ह्या आकड्याला लोक उगाच फार मान देतात. एक वसाहत म्हणजे एक जिवाणू असं नसतं. दहा जणांची माळ आगरमध्ये पडली तर तीही एकच वसाहत होते. थंडीने किंवा आम्लाने गळपटलेले, जिवंत असूनही डिशमध्ये न वाढणारे जिवाणू तर मोजणीतून सुटतातच. म्हणून प्रयोगशाळा ‘इतके जिवाणू’ असं लिहीत नाहीत, ‘वसाहत बनवणारी इतकी एककं’ असं लिहितात.

खरी पंचाईत मात्र पुढे आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांत प्रोबायोटिक जिवाणू दिवसाच्या एका मात्रेत किमान १० कोटी जिवंत असावेत असं म्हटलं आहे. शंभर ग्रॅमची वाटी धरली तर हे ग्रॅमला १० लाख झाले. उलट योगर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात दही लावणारे साधे जिवाणूच ग्रॅमला किमान १ कोटी हवेत, आणि ताज्या दह्यात ते त्याहून पुष्कळ जास्त असतात. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही जादा पैसे मोजता तो त्या डब्यात अल्पसंख्य असू शकतो. साधी एमआरएसची डिश मोजली तर आकडा सुंदर येईल, पण तो बहुतेक साध्या जिवाणूंचा असेल.

हा अल्पसंख्य वेगळा मोजण्यासाठी अशी आगरं वापरतात ज्यांत साधे जिवाणू मरतात आणि हवा तोच तगतो. बिफिडोबॅक्टेरियम मोजायचा तर आगरमध्ये म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक घालतात. बिफिडोला त्याने काही होत नाही, दह्याच्या बाकीच्यांना होतं. अ‍ॅसिडोफिलससाठी क्लिंडामायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची जोडी आहे. केसी, र्‍हॅम्नोसस आणि प्लांटारम ह्या मंडळींसाठी व्हँकोमायसिन वापरतात, कारण त्यांच्या पेशीभिंतीची बांधणीच अशी की हे औषध तिला चिकटत नाही. अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू दह्यात, हे वाचून दचकू नका. हा त्यांचा जन्मजात गुण आहे, तो सहसा दुसऱ्या जिवाणूला देता येत नाही. जे देता येतात असे प्रतिकाराचे गुण ज्या वाणात असतील, तो वाण मात्र बाद करायचा असतो आणि त्याची वेगळी तपासणी होते.

तीन दिवस थांबायची तयारी नसेल तर फ्लो सायटोमेट्री आहे. जिवंत आणि मेलेल्या पेशींना वेगवेगळा रंग देऊन लेझरसमोरून एकेक पेशी नेतात, तासा-दोन तासांत मोजणी होते. दुसरा मार्ग डीएनए मोजणाऱ्या पीसीआर चाचणीचा. पण मेलेल्या जिवाणूचाही डीएनए दह्यात शिल्लक असतो आणि पीसीआरला मेलेलं-जिवंत कळत नाही. म्हणून आधी पीएमए नावाचा रंग घालतात. तो फुटक्या, म्हणजे मेलेल्या पेशींतच शिरतो, उजेड पाडला की त्यांच्या डीएनएला कायमचा चिकटतो आणि पीसीआरच्या मोजणीतून त्यांना बाद करतो. मला ही युक्ती फार आवडते.

एवढं झाल्यावर ओळख पटवायची. डिशवरची एक वसाहत उचलली, ग्राम रंगाने ती जांभळी झाली, हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडे आले नाहीत. एवढ्याने फक्त ‘दुधाच्या आम्लाचा जिवाणू असावा’ इतकंच कळतं. पूर्वी मग ४९ वेगवेगळ्या शर्करांपैकी कोणकोणत्या तो आंबवतो ह्याचा तक्ता भरायचे. आता माल्डी-टॉफ यंत्रात त्याच्या प्रथिनांच्या वजनांचा आलेख काही मिनिटांत निघतो आणि तो संगणकातल्या साठ्याशी ताडून पाहतात. साठ्यात नसलेला जिवाणू ह्या यंत्राला ओळखता येत नाही. सगळ्यांत परिचित मार्ग १६ एस ह्या जनुकाचा. सुमारे दीड हजार अक्षरांचा हा मजकूर प्रत्येक जिवाणूत असतो आणि त्यातल्या फरकावरून जात ठरवता येते. अडचण अशी की केसी, पॅराकेसी आणि र्‍हॅम्नोसस ह्या भावंडांचा हा मजकूर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक सारखा आहे. आणि हे तिघेही प्रोबायोटिक म्हणून विकले जातात. तिथे दुसरी जनुकं वाचावी लागतात. वाणापर्यंत जायचं तर संपूर्ण जनुकसंच, म्हणजे अठरा-वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत अक्षरं वाचून काढणं हा आजचा पक्का मार्ग.

ओळख चुकते का? मोठमोठ्यांची चुकली आहे. जगात ज्याच्यावर सर्वाधिक अभ्यास झाला तो ‘जीजी’ हा वाण आधी अ‍ॅसिडोफिलस म्हणून नोंदला गेला होता, तो निघाला र्‍हॅम्नोसस. आपल्याकडे आणंद कृषी विद्यापीठातला एक वाण असाच वर्षानुवर्षं अ‍ॅसिडोफिलस म्हणून वापरात होता. डीएनए तपासल्यावर तो हेल्वेटिकस ठरला आणि २०११ साली त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिकच्या कोर्सबरोबर डॉक्टर जी ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ची गोळी लिहून देतात, त्यातला जिवाणू तर लॅक्टोबॅसिलसच नाही. १९३०च्या दशकात त्याला लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस म्हटलं गेलं. पण तो बीजाणू तयार करतो, जे लॅक्टोबॅसिलस कधीच करत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला केव्हाच दुसऱ्या घरात नेलं. गोळीच्या पाकिटावर जुनं नाव अजून टिकून आहे. त्यात भर म्हणून २०२० साली मूळ लॅक्टोबॅसिलस कुटुंबच पंचवीस घरांत वाटलं गेलं. तेव्हा डब्यावर लॅक्टिकेसिबॅसिलस असं जड नाव दिसलं तर तो बहुधा जुनाच केसी किंवा र्‍हॅम्नोसस आहे.

वाणाचं नाव एवढं जपायचं कशासाठी, ह्याचं उत्तर ओडिशात मिळतं. तिथल्या खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१७ साली ‘नेचर’मध्ये आली. प्लांटारमचा एक ठरावीक वाण विशिष्ट शर्करेसोबत सात दिवस दिला, तर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. तो वाण एटीसीसी २०२१९५ ह्या क्रमांकाने संग्रहात आहे, म्हणून दुसऱ्या कुणाला तो मागवून हीच चाचणी पुन्हा करता येते. लोणच्यातून किंवा इडलीच्या पिठातून मिळालेला कुठलाही प्लांटारम हेच करील असं कुणी म्हणू शकत नाही. (आणि हे वाचून तान्ह्या बाळाला कुणी दही चाटवू नये.)

उलट दुसऱ्या टोकाला, ‘अमुक गावच्या दह्यात प्रोबायोटिक सापडले’ अशा बातम्या अधूनमधून येतात. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की वेगळा काढलेला जिवाणू पोटातल्यासारख्या आम्लात आणि ०.३ टक्के पित्तात काही तास तगला. ही चाळणी हवीच, पण ती उमेदवारीची आहे. माणसांवर चाचणी झाल्याशिवाय ‘प्रोबायोटिक’ हा शब्द वापरू नये, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमधूनही निघतं. त्याच सूचना सांगतात की वाण मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा. असा एक संग्रह आपल्यापासून चार-पाच तासांवर, पुण्यात आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा हा सूक्ष्मजीव संग्रह २०११ पासून बुडापेस्ट करारानुसार आंतरराष्ट्रीय ठेवघर म्हणून मान्य आहे. भारतात हा मान आधी चंडीगडच्या संग्रहाला मिळाला होता, २००२ साली. अशा संग्रहांत जिवाणू गोठवून वाळवतात किंवा अतिथंड साठवतात, म्हणजे वीस वर्षांनीही ‘तोच हा’ असं ताडून पाहता येतं.

डब्यातला जिवाणू रोज कोण तपासतं, तर मुख्यतः कंपनी स्वतः. सरकारी अन्न तपासणीची पहिली काळजी भेसळ आणि रोगजंतू, आणि दुधाच्या बाबतीत ती तशीच असायला हवी. त्यामुळे ग्राहकाच्या हातात राहतं लेबल. जात आणि वाण दोन्ही लिहिलंय का? संख्या दिली असेल तर ती बनवताना होती तेव्हाची, की वापरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत टिकणारी? नुसतं ‘प्रोबायोटिक कल्चर’ छापून सोडून दिलं असेल तर मी जादा पैसे देणार नाही. आणि फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं ताक चवीला कितीही झकास असलं, तरी ते भरण्याआधी तापवलेलं असतं. त्यात जिवंत कुणी नसतं. काही श्रीखंडांचंही तसंच, टिकावं म्हणून चक्का तापवतात.

राहिलं विरजण. प्रोबायोटिक दह्याचं विरजण लावून दही नक्की लागेल, पण ते प्रोबायोटिक राहीलच ह्याचा भरवसा नाही. अ‍ॅसिडोफिलस आणि बिफिडो दुधातली प्रथिनं पटापट फोडू शकत नाहीत, त्यामुळे दुधात ते संथ वाढतात. बिफिडोला तर प्राणवायूही सोसत नाही. थर्मोफिलस काही तासांत दूध आंबट करून टाकतो, तोवर हे जेमतेम जागे होत असतात. कारखान्यात ही उणीव भरून काढायला ते आधीच मोठ्या संख्येने वाढवून वेगळे घालतात. घरी ती सोय नाही, म्हणून पहिल्या विरजणात त्यांचा वाटा घटतो, पुढच्यात आणखी. मुलाला तोच डबा खायचा असेल तर थेट डब्यातून खाऊ दे. कढीला मात्र घरचं दही घ्या, कारण उकळी आली की महागडा जिवाणू आणि साधा जिवाणू दोन्ही मरतात.